पुठ्ठ्याची शस्त्रपूजा

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मी दोन पान्हे हातात घेऊन उभा होतो. दोन्ही एकाच मापाचे होते. एक जरा जुना होता आणि एक जरा नवा. बाकीची मुलं केव्हाच आपापल्या यंत्रांवर कामाला लागली होती. कुठला पान्हा घ्यावा हे मला ठरवता येत नव्हतं, आणि ठरवता येत नाही हे कुणाला कळू नये म्हणून मी दोन्हींचं बारकाईनं निरीक्षण करत असल्यासारखा चेहरा केला होता. तेवढ्यात मागून चक्क मराठीत आवाज आला.

"पैलवान, पान्हा निवडायचाय, बायको नाही. उचल एक."

ती आमची पहिली भेट. ते वर्कशॉपचे मुख्य होते आणि मी एम. एस.साठी भारतातून नुकताच आलेला विद्यार्थी. सौदी अरेबियाच्या पूर्व किनाऱ्यावर, दहरानमध्ये, इतक्या लांब कुणी आपल्याला मराठीत टोमणा मारेल ही माझी अपेक्षा नव्हती. घाबरून मी दोन्ही पान्हे खाली ठेवले.

'पैलवान' हे नाव तेव्हाच पडलं. माझी अंगकाठी अशी होती, की विद्यापीठानं दिलेला कामाचा झगा माझ्यावर वाळत घातल्यासारखा दिसायचा. शिवाय मी कोल्हापूरकडचा. पुढं पुढं वर्कशॉपमधले पाकिस्तानी आणि फिलिपिनो कारागीरही मला 'पैलवान' म्हणू लागले. आपण नेमकं काय म्हणतोय हे फिलिपिनो लोकांना माहीत नव्हतं. पाकिस्तान्यांना माहीत होतं, त्यामुळे ते जास्त मनापासून म्हणायचे.

माझ्या न ठरवण्याबद्दल थोडं सांगायला हवं. माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बारावीनंतर कुठली शाखा घ्यायची असं मी वडिलांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "शिकलेला तू आहेस, तूच ठरव." मी तेव्हा शिकलेला नव्हतो, शिकायला निघालेला होतो. पण घरात हा फरक कुणाला मान्य नव्हता. शेवटी प्रवेशाच्या रांगेत माझ्या पुढच्या मुलानं अर्जावर 'मेकॅनिकल' लिहिलं, ते बघून मीही 'मेकॅनिकल' लिहिलं. त्यानं 'टेक्स्टाइल' लिहिलं असतं तर आज मी कापड विणत असतो. त्या मुलाचं नावही मला माहीत नाही, आणि माझ्या आयुष्याची दिशा त्यानं ठरवली.

ही हकिगत मी वर्कशॉपमधल्या त्या काकांना सांगितली (आधी मी त्यांना सर म्हणायचो, पण "सर वर्गात असतात, इथं ग्रीस असतं" असं म्हणून त्यांनी ते बंद पाडलं), तेव्हा ते खूप वेळ हसले. मग म्हणाले, "शुक्रवारी जेवायला ये. तुला निवड कशी करायची ते शिकवतो."

मी शिकायला गेलो. ज्यांच्याकडे शिकायला गेलो त्यांनी स्वतः गेल्या कित्येक वर्षांत एकही वस्तू निवडलेली नव्हती, हे मला तिथं गेल्यावर कळलं.

काका मूळचे इचलकरंजीचे. तरुणपणी अमेरिकेत गेले आणि तिथं एका कारखान्याच्या टूलरूममध्ये वर्षानुवर्षं काम केलं. तिथल्या शेजाऱ्याला रायफलनं कागदी लक्ष्यावर नेम धरायचा नाद होता. तो नाद काकांना लागला. काका पक्के शाकाहारी. अंडं घातलेला केकसुद्धा त्यांना चालत नसे. "मी आयुष्यात फक्त कागद मारला," असं ते सांगायचे. पुढं त्या शेजाऱ्यानं त्यांना घरच्या घरी काडतुसं पुन्हा भरायला शिकवलं. एकदा झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी उरते, ती साफ करायची, पुन्हा मापात आणायची, बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू मोजून घालायची आणि वर शिशाची गोळी बसवायची. काकांना नेमबाजीपेक्षा हेच काम जास्त आवडलं. पण सगळी साधनं शेजाऱ्याची होती, टेबल शेजाऱ्याचं होतं, गॅरेजही शेजाऱ्याचं. आपली साधनं घ्यायची असं ते ठरवत असतानाच कारखाना बंद पडला, पाठोपाठ काकू गेल्या, आणि मिळाली ती नोकरी धरून काका सौदीला आले. मुलगी तिकडेच सासरी होती. रायफल तिकडेच एका मित्राच्या कपाटात कुलपात होती.

आणि सौदीत काय, 'दारू' या शब्दाचा कुठलाही अर्थ घेतला तरी माणूस तुरुंगात जातो. त्यामुळे काकांच्या फ्लॅटवर त्यातलं काहीच नव्हतं. बंदूक नाही, पुंगळी नाही, टोपी नाही. होता तो पुठ्ठा.

आतल्या खोलीत भिंतीला बोल्टनं घट्ट बसवलेलं एक टेबल होतं, आणि त्यावर खऱ्या मापाची, पुठ्ठ्याची आणि लाकडाची अख्खी साधनसामग्री मांडलेली होती. पुठ्ठ्याचं दाबयंत्र, म्हणजे प्रेस. त्याला लाकडी दांडा. तो खाली ओढला की आतली लाकडी पट्टी वर सरकायची. पुठ्ठ्याचं दारू सोडायचं माप होतं, त्यात खरीखुरी फिरणारी किल्ली होती. पुंगळ्यांच्या जागी बॉलपेनची टोपणं होती, भोकं पाडलेल्या फळीत ओळीनं उभी केलेली. खरा होता तो फक्त काटा, शेजारच्या खोबर शहरातल्या सोन्याच्या बाजारातून आणलेला, सोनाराचा. आणि दारूच्या जागी रवा, स्वयंपाकघरातल्या हिरव्या झाकणाच्या डब्यात ठेवलेला.

"नुसता रवा नाही," काका म्हणाले. "रवा मापातून अडखळत पडतो. म्हणून त्यात ग्रॅफाइटची पूड मिसळली. कुलपात घालतो ती. आता बघ कसा वाहतो."

रवा खरंच सुंदर वाहत होता. मी "छान आहे" म्हणालो.

"ओढ दांडा."

मी ओढला. माझं कोपर शेजारच्या कपाटावर आपटलं. डोळ्यांत पाणी आलं. खोली अरुंद आहे, असं मला वाटलं. पुढं कित्येक शुक्रवार मी तो दांडा ओढला, आणि दर वेळी माझं कोपर त्या कपाटावर आपटलं. काकांचं कधीच आपटायचं नाही. सरावाचा भाग असेल असं मी धरून चाललो.

काका प्रत्येक गोष्टीच्या आत टॉर्च मारून बघायचे. टोपणांत रवा घालून झाला की वर काही बसवण्याआधी एकेका टोपणात उजेड पाडून तपासायचे. कारण काय, तर चुकून एखाद्या पुंगळीत दोनदा दारू पडली तर बंदूक तोंडावर फुटते. "आत बघितल्याशिवाय वर झाकण नाही," हे त्यांचं वाक्य. पण ही सवय टेबलापुरती राहिली नव्हती. दुधाच्या पातेल्यात टॉर्च, बुटात टॉर्च, पोस्टातून आलेल्या पाकिटात टॉर्च. एकदा खोबरच्या एका हॉटेलात त्यांनी सांबाराच्या वाटीत टॉर्च मारला, तेव्हा मल्याळी मालक स्वतः धावत आला. "क्या निकला साब?" काका म्हणाले, "अभी तक कुछ नहीं." त्या दिवशी त्यानं आमच्याकडून पैसे घेतले नाहीत, आणि आम्ही पुन्हा तिथं गेलो नाही.

माझ्यावर या सवयीचा परिणाम झालाच. आजही चहात साखर घातली की नाही हे मला आठवत नाही तेव्हा मी कपात उजेड पाडून बघतो. साखर उजेडात दिसत नाही हे मला माहीत आहे. तरी बघतो.

निवडीचं शिक्षण मात्र जोरात चाललं होतं. परदेशातून मागवलेल्या माहितीपुस्तकांची चळत टेबलाखाली होती, आणि जेवताना काका ती वाचायचे. प्रेस तीन तऱ्हांचे असतात असं त्यांनी मला समजावलं. तिन्ही त्यांनी पुठ्ठ्यात करून ठेवले होते, आणि तिन्हींना आपली नावं ठेवली होती. एका ओढीला एकच काम करणारा, बिडाचा, जड, साधा प्रेस म्हणजे 'म्हैस'. डोक्यावर फिरती चकती असलेला म्हणजे 'पाळणा'. आणि एका ओढीत सगळी कामं एकदम उरकणारा, पुंगळ्यांची रांग पुढं पुढं सरकवणारा म्हणजे 'वरात'.

"वरातीत मजा असते," काका म्हणायचे, "पण कोण कुठं नाचतंय ते कळत नाही. नवशिक्यानं म्हैस घ्यावी."

"मग म्हैसच घ्यायची ना, काका?"

"घ्यायची. पण म्हशीला वेळ लागतो रे. माझ्या वयाला वेळ कुठाय?"

"मग पाळणा?"

"पाळण्याची चकती हलते. हे बघ." आणि पुठ्ठ्याचा पाळणा हलवून दाखवला जायचा. तो हलायचाच. पुठ्ठ्याचा होता.

पुढच्या शुक्रवारी मत बदललेलं असायचं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी पुन्हा. मी एका शब्दानं विरोध करत नसे, कारण दर वेळी मला त्यांचं पटायचं. काट्याचंही तेच. सोनाराचा काटा चालेल की लोंबत्या दांडीचा जुना तराजू बरा? बॅटरीचा काटा थंडीत खोटं बोलतो, दांडीचा तराजू पंख्याच्या वाऱ्यानं डुलतो. यावर आम्ही एक अख्खी दुपार पंखा चालू-बंद करून घालवली. शेवटी काका म्हणाले, "काटा उत्तम हवा, बाकी सगळं मध्यम चालेल." हे त्यांनी इतक्या ठामपणे सांगितलं, की मला वाटलं आता निवड झाली. पण "काटा कुठला?" असं मी विचारल्यावर ते उठून भात बघायला गेले.

एकदा धीर करून मी विचारलं, "काका, इतकी वर्षं घेतलं का नाही हो काहीच?"

"जागा नाही. आधी जागा ठरू दे. जागेप्रमाणे टेबल, टेबलाप्रमाणे प्रेस."

मग खरी गोष्ट बाहेर आली. येत्या उन्हाळ्यात ते साठ वर्षांचे होत होते. इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, पुढं वाढणार नव्हता. इकडचं खलास, की लेकीकडे अमेरिकेत. लेक तर कधीची बोलावत होती.

"पण लेकीचं घर म्हणजे जावयाचं घर," काका म्हणाले. "तिथं मी काय करायचं? सोफ्यावर बसायचं? सकाळी नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडायचं, संध्याकाळी आणायचं, मधे टीव्ही? लोक पाहुण्याला पाणी आणून देतात तसं मला पाणी आणून देतील. मला तसं नकोय. गॅरेजमध्ये चार हात लांबीचं टेबल मिळालं ना, तर मी त्या घरात माझ्या जागेवर असेन. नाही मिळालं तर मी पाहुणा."

"मग विचारा ना त्यांना."

काका माझ्याकडे असे बघू लागले, जणू मी अंड्याचा केक आणलाय.

"जावयाकडे मागायचं? आमच्या घराण्यात लेकीच्या घरी माणूस पाणी पितानाही विचार करायचा. मी जागा मागू?"

ऑक्टोबरात जावई येणार असं कळलं. तो मूळचा नाशिकचा, अमेरिकेत केमिकल इंजिनियर, आणि त्याची कंपनी त्याला आमच्याजवळच्या जुबैलला दोन आठवड्यांच्या कामासाठी पाठवणार होती. त्या वर्षी दसरा नेमका गुरुवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी आला. जावई दसऱ्याला जेवायला येणार असं ठरलं.

काकांच्या घरी खंडेनवमीला शस्त्रांची आणि अवजारांची पूजा व्हायची. सौदीतही ते दर वर्षी पडदे ओढून टेबलावरच्या सगळ्या वस्तूंची हळद-कुंकू वाहून पूजा करायचे. या वर्षी त्यांनी ती एक दिवस पुढं ढकलली, जावयासमोर व्हावी म्हणून. तिथी चुकेल असं मी म्हणालो, तेव्हा म्हणाले, "शस्त्रंच पुठ्ठ्याची, तिथीला कोण विचारतो?"

बेत असा ठरला. पूजा होईल, जावई टेबल बघेल, आणि मग विषय मी काढायचा. मी परका, म्हणून मला मागणं चालतं.

"तू फक्त गॅरेजचा विषय काढ, पैलवान. पुढं तो बोलेल."

मी आठवडाभर वाक्य तयार करत होतो. 'तुमच्याकडे गॅरेज असेलच.' फार उर्मट. 'काकांना एक छोटी जागा हवी आहे.' फार थेट. 'अमेरिकेत घरं कशी असतात?' फार लांबचं. थिसिसला बसायच्या वेळात मी हेच करत होतो. माझे गाइड इजिप्शियन होते. "काम कसं चाललंय?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून "गॅरेज" असं निघता निघता राहिलं.

दसऱ्याला सकाळी आम्ही पूजा मांडली. म्हैस, पाळणा, वरात, माप, काटा. सगळ्यांना हळद-कुंकू. फुलं म्हणून कॅम्पसच्या कुंपणावरची बोगनवेल. आपट्याची पानं म्हणून पण बोगनवेलच. काका सोवळं नेसून अंघोळीचे ओले केस पंच्यानं पुसत बसले आणि म्हणाले, "नैवेद्याचा शिरा तू कर. तुझ्या हाताला चव आहे." हे खोटं होतं, पण मी खूश झालो.

शिरा करताना रवा भाजला की जरा करडा दिसू लागला. सौदीतला रवा असा असेल असं मला वाटलं. तूप जास्त घातलं, तर अजून करडा. रंग सुधारावा म्हणून केशर घातलं, तर त्याला एक हिरवट छटा आली. तोवर काकांनी आतून हाक मारली होती, मी वाटी घेऊन गेलो, पडदे ओढलेले असल्यामुळे अंधारात नैवेद्य दाखवून झाला, आणि त्याच वेळी दाराची बेल वाजली.

आणि मग काकांनी ते केलं जे मी त्यांना करताना कधी पाहिलं नव्हतं. ते लाजले. आयत्या वेळी त्यांनी आतल्या खोलीचं दार ओढून कडी लावली आणि सोवळं सोडून पँट चढवली.

"काका, टेबल दाखवायचं होतं ना?"

"जावयाला पुठ्ठा दाखवू? वेड लागलं म्हणेल. तू विषय काढ, मग बघू."

जावई साधा, हसरा माणूस निघाला. वाकून नमस्कार केला, बोगनवेलीचं सोनं काकांना दिलं, मलाही दिलं. जेवायला बसलो. काका त्याला आग्रह करकरून वाढत होते. "घ्या जावईबापू, भाजी घ्या, तुम्ही काहीच घेत नाही." जावई म्हणत होता, "बाबा, तुम्ही बसा ना आधी." काका बसत नव्हते. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून मला भुवयांनी खुणा करत होते.

मी पाणी प्यालो. घसा साफ केला. जावई नातीच्या शाळेतल्या नाटकाबद्दल सांगत होता, ती त्यात झाड झाली होती. त्याचं वाक्य संपायच्या आत मी म्हणालो, "अमेरिकेत गॅरेजं मोठी असतात, नाही का?"

जावई थांबला. "हो," तो म्हणाला. "असतात." मग माझ्याकडे काळजीनं बघत विचारलं, "तुम्हाला गाडी घ्यायचीय का?"

"नाही नाही. मला चालवता येत नाही."

यापुढचं वाक्य माझ्याकडे तयार नव्हतं. काकांनी डोळे मिटून घेतले. मी उठलो आणि सगळ्यांना शिरा वाढला. जावयानं एक घास घेतला. मग दुसरा. भला माणूस, तिसराही घेतला. "वेगळी चव आहे," तो म्हणाला, आणि हसला. त्याचे दात पेन्सिलीसारखे राखाडी झाले होते.

काकांनी खिशातून टॉर्च काढला. वाटीत उजेड पाडला. शिऱ्याचा रंग बघितला. मग जावयाच्या दातांवर उजेड पाडला.

"पैलवान, रवा कुठल्या डब्यातला घेतलास?"

"हिरव्या झाकणाच्या."

"हिरवं झाकण कशाचं?"

मला तेव्हा आठवलं हिरवं झाकण कशाचं होतं. जावयानं चमचा खाली ठेवला. "बाबा, यात काय आहे?"

"ग्रॅफाइट," काका म्हणाले. "काही होत नाही. कुलपात घालतो ते."

"शिऱ्यात?"

आता सांगण्यावाचून इलाज नव्हता. रव्यात ग्रॅफाइट का, याचं दुसरं कुठलंही शहाणं उत्तर जगात नाही. काकांनी जाऊन आतल्या खोलीची कडी काढली आणि ते बाजूला होऊन उभे राहिले, शाळेत मास्तरांसमोर दप्तर उघडून दाखवावं तसे.

जावई आत गेला. हळद-कुंकू लावलेली म्हैस, बोगनवेल घातलेला पाळणा, टोपणांची ओळ, सगळं त्यानं शांतपणे बघितलं. मग पुठ्ठ्याच्या म्हशीचा दांडा धरून ओढला. त्याचं कोपर कपाटावर आपटलं.

"खोली अरुंद आहे," मी म्हणालो.

कोपर चोळत तो विचारू लागला, आणि काका हळूहळू सांगू लागले. दारू घरात ठेवायची नाही, बाहेर वेगळ्या कुलूपबंद लाकडी पेटीत. नात घरात असताना काम करायचं नाही. एका वेळी टेबलावर एकच डबा. प्रत्येक पुंगळीत टॉर्च. जावई केमिकल इंजिनियर, तो ऐकता ऐकता मान हलवू लागला. मला दिसत होतं, की यातले बहुतेक नियम काकांनी इथं आधीच वर्षानुवर्षं पाळलेले होते, रव्यावर.

"बाबा," जावई शेवटी म्हणाला, "आमच्या गॅरेजची एक भिंत रिकामीच आहे. एवढंच होतं तर फोनवर का नाही सांगितलंत?"

"लेकीच्या घरी मागायचं कसं?"

"मागायचं नाही, म्हणून पुठ्ठ्याचं करायचं?"

काका हसले नाहीत. चष्मा काढून खांद्यावरच्या पंच्यानं पुसत बसले, आणि तो पंचा ओला होता हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण जावई कामाचा माणूस. त्यानं बॅगेतून लॅपटॉप काढून अशा साधनांच्या दुकानाचं पान उघडलं. "मी परत जाईपर्यंत पार्सल घरी येऊन पडेल. टेबलाला भोकं पाडायला बरं. सांगा, कुठला प्रेस?"

काकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "म्हणजे, म्हैस बरी," ते म्हणाले. "पण वेळ लागतो. पाळणा... बघायला हवा एकदा. आपण असं करू, तुम्ही जा परत, मी नीट विचार करून कळवतो."

मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला माझाच चेहरा दिसला. दोन पान्हे हातात धरलेला. आता कळवतो म्हणाले की कळवणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं, कारण मी त्या विषयातला तज्ज्ञ होतो. जागा मिळाली होती आणि माणूस अजून पुठ्ठ्यातून बाहेर यायला तयार नव्हता. उन्हाळा येईल, ते जातील, आणि रिकाम्या भिंतीसमोर सोफ्यावर बसतील.

"म्हैस," मी म्हणालो.

माझा आवाज मलाच मोठा वाटला. जावई म्हणाला, "काय?"

"साधा. बिडाचा. एका दांड्याचा. पहिल्या पानावर आहे, तो." मी बोट ठेवलं. "हाच."

जावयानं काकांकडे बघितलं. काकांनी पडद्यावरचं चित्र बघितलं, जरा जास्त वेळ बघितलं. काहीतरी बोलायला हात वर केला, आणि तो हात तसाच खाली आणून गुडघ्यावर ठेवला. "पैलवान म्हणतोय तर म्हैस," ते म्हणाले. जावयानं बटण दाबलं. मग काट्याचं विचारलं, आणि काकांनी एका दमात सांगितलं, दांडीचा तराजू.

त्या दिवशी मी रूमवर परतलो तो जवळजवळ पैलवानासारखा चालत. आयुष्यातला पहिला ठाम निर्णय मी घेतला होता. रांगेत पुढं कुणी नसताना.

उन्हाळ्यात काका लेकीकडे गेले. जाताना पुठ्ठ्याची वरात आणि पाळणा त्यांनी मोडून टाकले. म्हैस मला दिली. मी ती रूमच्या खिडकीत ठेवली. रूम-पार्टनर बिहारचा होता, त्यानं तिच्या दांड्यावर टॉवेल वाळत घालायला सुरुवात केली.

एकदा अभ्यास नको म्हणून मी तो दांडा ओढला. रूम ऐसपैस होती. शेजारी कपाट नव्हतं, काही नव्हतं. तरी दांडा ओढताना कोपर वेडंवाकडं बाहेर आलं. मी थांबलो. प्रेसच्या समोर उभा राहून बघितलं. दांडा डावीकडे होता.

काका डावखुरे होते. पेन डाव्या हातात, पान्हा डाव्या हातात, टॉर्च डाव्या हातात. इतके शुक्रवार मी त्यांच्या समोर बसलो होतो. पुठ्ठ्याची म्हैस त्यांनी आपल्या हाताला बेतून केली होती. आणि मी जिच्यावर बोट ठेवलं त्या खऱ्या म्हशीचा दांडा उजवीकडे होता, ओतीव, बदलता न येणारा. ते चित्र मला आजही डोळ्यांसमोर दिसतं.

फोन करायला मला बरेच दिवस लागले. कुठल्या वाक्यानं सुरुवात करावी ते ठरत नव्हतं. शेवटी एका शुक्रवारी लावला. तिकडे मागे कसलातरी खडखडाट चालला होता.

"काका, तुम्ही डावखुरे आहात."

"साठ वर्षं झाली."

"मी चुकीचा प्रेस सांगितला हो."

"मला तेव्हाच दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, 'थांबा, दुसरा बघू.' आणि अजून पुठ्ठाच ओढत बसलो असतो." पुन्हा खडखडाट. "आता उजव्या हातानं ओढतो. जड जातं, खांदा दुखतो. दर ओढीला तुझ्या नावानं ओरडतो. त्याचा एक घोटाळा झालाय."

"काय झालं?"

"नातीच्या शाळेत विचारलं, आजोबा दिवसभर काय करतात. तिला वाटतं या यंत्राचं नावच ते आहे. ती म्हणाली, आजोबा गॅरेजमध्ये पैलवान ओढतात."